फोटोत नसलेलं स्वयंपाकघर

अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेत आले १९५० साली, बोरिवली-मुलुंड १९५७ साली. हे कुठेही वाचायला मिळतं. पण तेव्हा तिथे राहायला आलेली माणसं दूध कशातून आणायची, भात कशावर शिजवायची? त्यासाठी मी घरचा अल्बम काढते.

आमच्या मुलुंडच्या घरातले १९६० नंतरचे बरेचसे फोटो ‘आग्फा क्लिक थ्री’वर काढलेले आहेत. डब्यासारखा साधा कॅमेरा, एका रोलमध्ये १२ चौकोनी फोटो. ऊन चांगलं तर फोटो चांगला. त्यामुळे अख्खं घराणं गच्चीत, गॅलरीत नाहीतर फाटकापाशी डोळे बारीक करून उभं आहे. चेहरे पाठ झालेत, म्हणून हल्ली मी मागचं बघते. मोबाइलवर फोटोचा फोटो काढायचा आणि दोन बोटांनी मोठा करायचा. (व्यसन लागतं, आधीच सांगते.) दोरीवर नऊवारीशेजारी पाचवारी वाळताना दिसते. एका कठड्यावर चक्क आरेची काचेची बाटली आहे! गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ची; शहरातल्या तबेल्यांमधल्या म्हशी तिकडे हलवल्या आणि दूध बाटलीतून घरोघरी जाऊ लागलं.

स्वयंपाकघराचा मात्र एकही फोटो नाही. तिथे उजेड कमी. फ्लॅश लावता यायचा, पण त्याचा एक बल्ब एकाच फोटोला पुरायचा. तो खर्च बारशाला, मुंजीला ठीक. आमटीला कोण करणार? आजीचा निम्मा दिवस ज्या खोलीत गेला तिथली आजी अल्बममध्ये नाहीच. बाकीच्या फोटोंत ती पदर सावरून, स्वतःच्याच घरी पाहुणी आल्यासारखी उभी असते.

ती मला सापडली ‘रुचिरा’त. कमलाबाई ओगले यांचं हे पुस्तक १९७०चं. पाककृतींची पुस्तकं मराठीत तेव्हा नवी नव्हती. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालीच आलं होतं. ‘रुचिरा’ची खरी गंमत तिच्या मापांत आहे: वाटी आणि चमचा. उपनगरातल्या दोन खोल्यांत नवरा-बायको वेगळे राहू लागले, तेव्हा ‘अंदाजाने घाल गं’ म्हणणारी सासू गावी राहिली होती. अंदाज शिकायला वर्षं लागतात, वाटी पहिल्या दिवशीही भरता येते. पुस्तक इतकं खपलं त्यामागे हेही असावं, असं मला वाटतं.

आमच्या प्रतीत कुठे काय शिजलं हे हळदीच्या डागांवरून कळतं. काही पानं कोरी करकरीत आहेत, काही तेलाने पारदर्शक झालीत. एका समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘दोघांना निम्मं पुरे.’ त्याखाली निळ्या शाईत, ‘आता पाच जण. दुप्पट.’ अक्षर आजीचंच. मधली वर्षं कुठेच लिहिलेली नाहीत.

आता आमची इमारत पुनर्विकासाला जातेय. मोबाइलला अंधार चालतो, म्हणून मी स्वयंपाकघराचे फोटो काढत सुटलेय: फडताळ, कुकरच्या वाफेने काळवंडलेला छताचा तुकडा, गाळणीचा खिळा. आईला म्हटलं, ओट्यापाशी उभी राहा, आहेस तशी. तिने आधी फडकं घेतलं आणि ओटा पुसायला लागली. मी तेच फोटो काढले.