यीस्टच्या पाकिटाची कुळकथा

माहीम-दादरच्या वाड्यांतून माडांची राने उभी होती, तोपर्यंत मुंबईस यीस्ट विकत घेण्याचे कारण नव्हते. भंडाऱ्याने माडाच्या पोयीच्या, म्हणजे फुलोऱ्याच्या, टोकाला धारदार कोयत्याने पातळ काप द्यावा, खाली मडके बांधावे, आणि पहाटे गोड असलेला रस दुपार होईतो आपोआप फेसाळून त्याची माडी व्हावी, असा तो क्रम होता. गोव्याकडच्या पाववाल्यांना पीठ फुगवण्यास हीच माडी पुरत असे. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाड छेदण्यास परवाना आणि झाडामागे कर लावून या मडक्याची नोंद सरकारी दप्तरात घेतली खरी, परंतु आतला रस कोणता सूक्ष्म जीव आंबवतो याची चौकशी करावी असे त्या दप्तरास वाटले नाही. महसूल वेळेवर जमा झाला की बाकीचे ज्ञान फिजूल, हे अबकारी खात्याचे तत्त्वज्ञान निदान प्रांजळ होते.

ती चौकशी झाली कोपनहेगनला. आणि घरच्या घरी बिअर करणारे हौशी लोक द्रव यीस्टचे जे हवाबंद पाकीट आज आणतात, त्याचे गोत्रही तेथलेच. याकोब ख्रिश्चन याकोबसेन या मद्यनिर्मात्याने १८४५ मध्ये म्यूनिकच्या श्पाटेन मद्यशाळेतून तळाशी बसणाऱ्या यीस्टचे दोन डबे घेतले आणि कोपनहेगनपर्यंतच्या टपालगाडीच्या दीर्घ प्रवासात, गाडी जेथे जेथे थांबे तेथे तेथे उतरून, तो त्यांवर गार पाणी ओतीत राहिला; गिरगावच्या चाळीत शेजारणीकडून वाटीभर विरजण मागून आणावे, त्याचाच हा शेकडो कोसांचा अवतार. चांगल्या जीवांबरोबर उपद्रवी जीवही अशा विरजणातून पिढ्यान्‌पिढ्या वाहत येत, आणि एखादे वेळी सबंध हौदच्या हौद कडवट निघे. याकोबसेनच्या कार्ल्सबर्ग मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने १८८३ मध्ये एकच पेशी निराळी काढून तिचा शुद्ध वंश वाढवला, तेव्हा या दुखण्याचे मूळ सापडले. तो वंश कुलूपबंद करून त्याचा मक्ता सांभाळणे सहज शक्य होते. कार्ल्सबर्गने तो इतर मद्यशाळांना विनामूल्य दिला, आणि मला स्वतःला शोधापेक्षा ही दानत मोठी वाटते.

सूक्ष्म जीव काचपात्रात जोपासण्याची ही विद्या मुंबईत परळला आली, ती मात्र मद्यासाठी नव्हे. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत काम केलेल्या हाफकिनची प्लेगची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर-निवासात हलली, आणि त्याच्या चंबूंतील रसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवलेले असत, त्यांच्या खाली प्लेगचे जंतू लोंबत वाढत. तूप इतक्या गंभीर कामी लागल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

हौशी माणसाच्या हाती शुद्ध द्रव यीस्ट पडण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला. अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यात १९८६ मध्ये निघालेल्या ‘वायईस्ट’ या पेढीचे पाकीट म्हणजे पिशवीत पुडी: बाहेरच्या पिशवीत यीस्ट, आतल्या पुडीत त्याचे खाद्य. तळहाताची सणसणीत चापट मारून आतली पुडी फोडावी, म्हणजे पेशी जाग्या होतात आणि काही तासांत पिशवी टम्म फुगते. एका पाकिटात सुमारे १०० अब्ज पेशी, म्हणजे १९ लिटर बिअरची बेगमी.

मुंबईत या पाकिटास दोन वैरी आहेत. एक उष्मा: त्याला अखंड शीतपेटीतली थंडी हवी, आणि वैशाखात पार्सलाच्या गाडीत ते तापले की पेशी भराभर मरतात. दुसरा १९४९ चा दारूबंदी कायदा, ज्यान्वये परवान्याविना घरी मद्य तयार करणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे हे यीस्ट येथे राजरोस नांदते ते परवानाधारक मद्यशाळांत, त्यातल्या काही लोअर परळला बंद गिरण्यांच्या आवारांत निघाल्या. तेथे दर खेपेस नवे पाकीट फोडीत नाहीत. टाकीच्या तळाशी साचलेला पिठूळ साका काढून तोच पुढच्या घाण्यास लावतात, आणि चवीत खोट दिसू लागली की मगच परदेशातून ताजे यीस्ट मागवतात.