साथीची पेटी : पंडित अप्पा जळगावकर यांची कारकीर्द

युरोपीय संगीतात पियानोवादक हा मैफलीचा स्वामी असतो. रंगमंचाच्या मध्यभागी त्याचे वाद्य असते व श्रोते त्याच्याच नावाने जमतात. महाराष्ट्रात पट्ट्यांचे जे वाद्य रुजले ते पियानो नसून पेटी होय. आणि पेटीवादकाचे स्थान मात्र गायकाच्या बाजूला राहिले. या स्थानभेदामुळे पेटीवादकाचा इतिहास लिहिणे अवघड होते, कारण त्याचे कर्तृत्व बहुधा दुसऱ्याच्या नावाखाली नोंदले जाते. जालन्याचे पंडित अप्पा जळगावकर यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हार्मोनियम हे मुळात फ्रान्समधील वाद्य. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँ याने १८४२ च्या सुमारास त्याचे स्वामित्व मिळविले. मूळचे वाद्य पायाने भाता चालवून वाजविण्याचे असे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातभात्याची पेटी प्रचारात आणली, आणि जमिनीवर बसून वाजविता येणारे हे सुटसुटीत वाद्य भजन, कीर्तन व ख्यालाची बैठक यांत शिरले. महाराष्ट्रात संगीत रंगभूमीने पायपेटी व ऑर्गन यांना आश्रय दिला. गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५) यांच्यासारख्या कलावंतांनी पेटीला स्वतंत्र वादनाचीही प्रतिष्ठा मिळवून दिली.

सखाराम प्रभाकर ऊर्फ अप्पा जळगावकर यांचा जन्म ४ एप्रिल १९२२ रोजी जालना येथे झाला. जालना त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील हे व्यापारी गाव मुंबई-पुण्याच्या संगीतकेंद्रांपासून दूर होते. बाळकृष्णबुवा चिखलीकर यांच्याकडे अप्पांनी ध्रुपद-धमाराचे शिक्षण घेतले. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्याने स्वतः गायकीचा अभ्यास केला आहे, त्याच्या बोटांना गायकाचा श्वास कोठे संपणार हे आधीच कळते. साथ म्हणजे गायलेल्या स्वरांची निव्वळ नक्कल नव्हे. गायक पुढे कोणत्या वाटेने जाईल याचा सततचा अंदाज म्हणजे साथ.

अप्पा अठराव्या वर्षात असतानाच त्यांच्या वाद्यावर बंदी आली. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या कार्यक्रमांतून वगळले. आक्षेप शास्त्रीय होता, तसाच भावनिकही. सप्तकाचे बारा ठराविक भाग पाडणाऱ्या पट्ट्यांवर मींड निघत नाही, श्रुतींचे सूक्ष्म भेद दाखविता येत नाहीत, हे टीकाकारांचे म्हणणे; वाद्य परदेशी आहे ही सल त्यात मिसळलेली होती. रवींद्रनाथांसारखे श्रेष्ठ कवीही या बंदीच्या बाजूने होते. हैदराबादची नभोवाणी १९५० पर्यंत ऑल इंडिया रेडिओच्या कक्षेबाहेर होती. पण त्या वर्षी ती केंद्र सरकारकडे गेली. बंदी प्रथम शिथिल झाली ती १९७१ च्या सुमारास. म्हणजे ज्या तीन दशकांत अप्पांचे वादन परिपक्व झाले, त्यांपैकी बहुतेक काळ देशातील सर्वांत मोठ्या श्रोतृवर्गापर्यंत पोहोचण्याचा मार्ग त्यांच्या वाद्याला बंद होता. पेटी जगली ती मैफलीत.

टीकाकारांचा आक्षेप खोटा नव्हता, पण अपुरा होता. कोणतीही लिपी उच्चाराची सर्व सूक्ष्मता टिपू शकत नाही. तरीही जाणता वाचक अक्षरांवरून बोलीचा स्वर ओळखतो. पेटीच्या पट्ट्यांचेही तसेच आहे. दोन स्वरांमधील प्रवास पट्ट्यांना दाखविता येत नाही. परंतु भात्याचा दाब, स्वर सोडण्याची वेळ आणि एक स्वर विरण्यापूर्वी दुसऱ्याला स्पर्श करण्याची युक्ती यांनी त्या प्रवासाचा भास निर्माण होतो. जेथे तेवढ्यानेही भागत नाही, तेथे जाणता साथीदार थांबतो व मींड गायकाच्या कंठावर सोडून देतो. आपल्या वाद्याची मर्यादा ओळखून केव्हा वाजवू नये हे जाणणे, हा या विद्येचा मोठा भाग होय.

अप्पांनी उस्ताद अमीर खाँ, पंडित भीमसेन जोशी, वसंतराव देशपांडे, पंडित जसराज अशा परस्परांहून अगदी भिन्न गायकींना साथ केली. एकाची विलंबित स्वरवाढ, दुसऱ्याची दमदार तान, तिसऱ्याची अनपेक्षित वळणे घेणारी लय. या सर्वांना एकाच हाताने न्याय द्यावयाचा, तर वादकाला स्वतःचा ठसा मागे ठेवावा लागतो. हीच कसोटी तबल्याच्या स्वतंत्र वादनातील लेहऱ्याची. तीनतालाच्या सोळा मात्रांत बसणारी एकच सुरावट पुन्हापुन्हा वाजवीत, तबलावादकाच्या कोणत्याही चकव्याने विचलित न होता, लय तसूभरही हलू न देणे हे काम सोपे दिसते म्हणूनच कठीण आहे. उस्ताद अहमदजान थिरकवा यांच्यापासून झाकिर हुसेन यांच्यापर्यंतच्या तबलावादकांना अप्पांच्या लेहऱ्याचा आधार लाभला.

पुढे पुणे हीच त्यांची कर्मभूमी झाली. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना २००० साली मिळाला. १६ सप्टेंबर २००९ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले. ज्या वाद्याला सरकारी नभोवाणीने एके काळी दार बंद केले, त्याच वाद्याच्या वादकाचा राष्ट्रीय अकादमीने सन्मान करावा, यात मतपरिवर्तनाचा साठ वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. ते परिवर्तन युक्तिवादाने जितके घडले, त्याहून अधिक मैफलीतील प्रत्यक्ष अनुभवाने घडले. गायकांनी पेटी सोडली नाही, कारण चांगल्या साथीने आपले गाणे खुलते हे त्यांना रोज जाणवत होते.

अप्पांच्या वादनाची मुख्य साधनसामग्री इतरांच्या ध्वनिमुद्रणांत विखुरलेली आहे. ती अभ्यासताना गायकाकडून लक्ष काढून क्षणभर बाजूच्या पेटीकडे वळविले पाहिजे. गायक श्वास घेतो त्या अवकाशात काय वाजते आणि तो पुन्हा स्वर लावताच काय थांबते, याची नोंद केली पाहिजे. साथीदाराचे चरित्र त्या नोंदींतूनच उभे राहील.