पद्मावती बोटीचा मार्ग आणि सावित्रीकाठची पोढी

दि. २४ डिसेंबर १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाड सत्याग्रह परिषदेसाठी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. त्यांच्यासमवेत दोनशेहून अधिक प्रतिनिधी होते. धरमतरहून मोटारीने महाडला जाता येत असे. परंतु मोटारमालकांनी या मंडळींना नेण्याचे नाकारले होते. बोट दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदरास लागली आणि तेथून पाच मैल पायी चालत सर्वजण महाडला पोहोचले. नाइलाजाने पत्करलेल्या या जलमार्गाकडे प्रस्तुत लेखात आम्ही बौद्ध इतिहासाच्या दृष्टीने पाहू इच्छितो.

मुंबईहून किनाऱ्याने दक्षिणेकडे जाताना प्रथम चौल लागते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात हे बंदर ‘सेमुल्ला’ या नावाने येते. कान्हेरीच्या शिलालेखांतील ‘चेमुल’ ते हेच. तेथील दात्यांनी कान्हेरीच्या लेण्यांना दाने दिली. पुढे राजपुरीच्या खाडीत आत गेल्यावर मांदाडजवळ कुड्याची लेणी आहेत. त्यांची संख्या २६. येथील दात्यांत महाभोज घराण्यातील स्त्री-पुरुष आहेत. तसेच वैद्य, लेखक, माळी, सार्थवाह आणि कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारीही आहे. राजघराणे आणि माळी यांची दाने एकाच डोंगरात शेजारी शेजारी कोरली गेली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

हरिहरेश्वर मागे टाकले की बाणकोटपाशी सावित्री नदी समुद्रास मिळते. महानद्या सागराला मिळाल्यावर आपली पूर्वीची नावे टाकतात. त्याचप्रमाणे चारही वर्णांचे लोक संघात आल्यावर आपले नाव-गोत्र टाकतात, असा दृष्टान्त पालि वाङ्मयात अंगुत्तरनिकायात व उदानात आलेला आहे. बाणकोटच्या मुखातून महाडकडे जाणाऱ्या प्रवाशास त्याचे स्मरण व्हावे, हे स्वाभाविक आहे.

खाडीतून वर गेल्यावर दासगाव येते आणि तेथून पुढे, महाडच्या वेशीवर, गांधारपाल्याची लेणी दिसू लागतात. येथील एका ब्राह्मी लेखात काणभोज कुमार विष्णुपालित याच्या दानाची नोंद आहे. हा लेख साधारणतः इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानला जातो. त्याने लेणे, चैत्यगृह आणि आठ खोल्या दिल्या. त्यांसोबत ‘पोढी’ म्हणजे पाण्याची टाकीही दिली. पश्चिम भारतातील लेण्यांत पोढीच्या दानाची नोंद वारंवार आढळते. संयुत्तनिकायातील वनरोप सुत्तात तथागतांनी उद्याने, वृक्ष व पूल यांबरोबरच पाणपोई आणि विहीर देणाऱ्यांचे पुण्य दिवसरात्र वाढत राहते, असे सांगितले आहे. त्या उपदेशाचे प्रत्यक्ष रूप म्हणजे ही पोढी होय.

गांधारपाल्याची टाकी हा गावाचा सार्वजनिक पाणवठा होता, असे आमचे म्हणणे नाही. ती लेण्यात राहणाऱ्या भिक्खुसंघासाठी होती. परंतु ज्या संघासाठी ती खोदली गेली, त्यात प्रवेश करताना जात विचारली जात नव्हती. त्याच महाडमध्ये चवदार तळे १९२४ साली नगरपालिकेने ठरावाने सर्वांस खुले केले; तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी व त्यांच्या अनुयायांनी तेथील पाणी प्राशन करताच स्पृश्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. डिसेंबरात ‘पद्मावती’ने मंडळी आली, तेव्हा न्यायालयाचा मनाई हुकूम आडवा आला व तळ्यावरील सत्याग्रह स्थगित करावा लागला. मात्र २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पाण्याचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध होण्यास १९३७ साल उजाडले.

पाणी देणे हे पुण्य मानणारी परंपरा महाडच्या डोंगरात कोरलेली होती आणि पाणी नाकारणे हा धर्म मानणारी परंपरा त्याच डोंगराखाली नांदत होती. चवदार तळ्याचा लढा कोणत्या परंपरेचा वारस आहे, हे निराळे सांगावयास नको.

दासगावची ती बोटसेवा केव्हाच बंद पडली. आता मुंबई-गोवा महामार्ग लेण्यांच्या पायथ्यावरूनच जातो. प्रतिवर्षी सहस्रावधी उपासक-उपासिका चवदार तळ्यास अभिवादन करण्यासाठी महाडला जातात. त्यांनी तळ्यावरून परतताना गांधारपाल्याचा डोंगरही चढावा, मुलाबाळांना ती टाकी दाखवावी आणि ती कोणी, कोणासाठी खोदविली हे सांगावे, एवढीच आमची विनंती आहे.