मोसंबीचा फळभार आणि विरळणी (जालना जिल्हा)

झाडाच्या ताकदीपेक्षा जास्त लागलेली फळे कोवळी असतानाच काढून टाकणे म्हणजे विरळणी. जालना जिल्ह्यात हा विषय मोसंबीचा. बदनापूर, अंबड, घनसावंगी या भागांत तिच्या बागा आहेत, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे आणि 'जालना मोसंबी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

मोसंबीला फुले अफाट येतात. शंभरातली दोन-चार फळे तोडणीपर्यंत टिकली तरी पुष्कळ. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात बारीक फळांची मोठी गळ होते. एवढी गळ झाल्यावर आणखी फळे कशाला काढायची, असे वाटणे साहजिक आहे. पण ज्या वर्षी बहार जोरात फुटतो, त्या वर्षी गळीनंतरही फांद्यांवर घोस उरतात. पानांनी तयार केलेले अन्न मग सगळे फळांकडेच जाते, मुळांची वाढ खुंटते, फळ लहान राहते आणि पुढच्या बहाराला झाड रुसते. बाग वर्षाआड येण्याचे हे एक मोठे कारण.

परसातल्या एकट्या झाडाची गत वेगळी. न्हाणीचे सांडपाणी बारमाही मिळत असल्याने त्याला ताण, म्हणजे फुलोऱ्याआधी पाणी तोडून दिलेली विश्रांती, बसत नाही; फुले मागेपुढे येत राहतात आणि एकाच फांदीवर पिवळे फळ, हिरवे फळ व कळी दिसते. दिसायला हे मोहक, पण झाडाला विश्रांती म्हणून मिळत नाही.

विरळणी गळ थांबल्यावर करावी. फळ तेव्हा साधारण लिंबाएवढे असते. घोसातले दबलेले, डागाळलेले, वेडेवाकडे फळ आधी काढावे. फळ ओढू नये. देठाशी कात्री लावावी, नाहीतर कोवळी काडी सोलवटते. लागवडीनंतरची पहिली तीन-चार वर्षे तर एकही फळ ठेवू नये. जपानमध्ये संत्र्याच्या झाडावर दर फळामागे वीस-पंचवीस पाने धरून विरळणी करतात, हिमाचलातले बागायतदार पीचच्या दोन फळांत वीतभर अंतर ठेवतात. आपल्याकडे मात्र हिरवे फळ पाडायला जीव धजत नाही आणि लगडलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू देण्यावरच भागवले जाते. टेकूने फांदी वाचते, झाडाची भूक भागत नाही.

फळे झाडावर किती दिवस ठेवायची, हाही फळभाराचाच भाग आहे. मोसंबी तोडल्यावर आणखी गोड होत नाही आणि झाडावर काही काळ टिकते; त्यामुळे भाव वाढण्याची वाट पाहत तोडणी लांबवली जाते. तेवढा पुढचा ताण लांबतो आणि बहार हुकतो.

पाण्याचा हिशेब या सगळ्याच्या मुळाशी आहे. २०१२-१३च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या अनेक मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, कित्येकांनी टँकरने पाणी घालून झाडे जगवली. अशा वर्षी सगळी फळे उतरवून, हलकी छाटणी करून आळ्यात पाचटाचे आच्छादन घालणे हाच शहाणपणाचा मार्ग, कारण एक बहार गेला तर वर्ष जाते. झाड गेले तर नवे रोप फळावर येईपर्यंत पाच वर्षे लागतात.