जवारी ते पेडल : तारेचा आवाज घडवण्याच्या कारागिरीचा इतिहास

तंतुवाद्याची तार छेडल्यावर उमटणारा मूळ ध्वनी श्रोत्याच्या कानापर्यंत पोहोचण्यापूर्वी त्याचा पोत हेतुपूर्वक बदलणारी योजना, असा ‘इफेक्ट’ या संज्ञेचा अर्थ सांगता येतो; आणि हीच योजना विजेच्या साहाय्याने करणारी, गिटारवादकाला किंवा बेसवादकाला पायाने चालू-बंद करता येईल अशी धातूची छोटी पेटी म्हणजे ‘इफेक्ट्स पेडल’ होय. या पेटीचा जन्म विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांत झाला. परंतु तारेचा आवाज घडवणे हे वाद्य वाजवण्याहून वेगळे असे कारागिरीचे काम आहे आणि त्याचा अंतिम निवाडा कान करतो, ही जाण महाराष्ट्रात विजेच्या कितीतरी आधीपासून होती. गोंधळ्याचे तुणतुणे, मिरजेची जवारी, मिरवणुकीतला बँजो आणि गिटारचे पेडल यांचा एकत्र विचार केला, तर निरनिराळ्या काळांत आणि निरनिराळ्या सामग्रीतून चाललेला एकच उद्योग त्यांत दिसून येतो.

या उद्योगाचा शोध तुणतुण्यापासून, म्हणजे मराठवाड्यापासून सुरू करता येतो. परभणी जिल्ह्याच्या उत्तर भागातील जिंतूर हा तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका या मराठवाड्यातील दोन मोठ्या देवीपीठांच्या उपासनेतून जी विधिगीते व वाद्ये वाढली, त्यांचाच हा प्रदेश. या विधींपैकी गोंधळाच्या परंपरेत परभणीचे राजाराम कदम यांचे नाव आदराने घेतले जाते, आणि या परंपरेत संबळाच्या जोडीने वाजणारे तुणतुणे हे रचनेने अत्यंत साधे वाद्य आहे. एका नळकांड्याच्या तळाला कातडे मढवतात, त्या कातड्याच्या मध्यातून एक तार ओवून वर नेतात आणि बाजूला जोडलेल्या काठीच्या टोकावरील खुंटीला ती ताणून बांधतात. तारेचा ताण थेट कातड्यावर येत असल्यामुळे तार आणि कातडे एकमेकांना हलवत राहतात आणि त्यातून तो टणत्कारी, काहीसा खरखरीत आवाज निघतो, जो संबळाच्या गजरातही लोपत नाही. देवीच्या उपासकांच्या चौंडक्यात हेच तत्त्व एक पाऊल पुढे जाते, कारण तेथे वादक तारेचा ताण हाताने कमी-जास्त करून स्वर चढवतो आणि उतरवतो. आवाज गोड असण्यापेक्षा तो उघड्या मैदानात, माणसांच्या गर्दीत ओळखू यावा, ही येथील गरज होती आणि वाद्याची घडण त्या गरजेतून ठरली.

शास्त्रीय संगीताची गरज निराळी होती आणि तिचे उत्तर मिरजेत सापडले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने, शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीस आणि पुढे निर्मितीस आरंभ केला, असे या व्यवसायाच्या इतिहासात सांगितले जाते. तलवारी-भाल्यांचे दिवस मावळत असताना, धातूवर बारीक हात चालवण्याचे कसब लाकूड, हाड आणि तार यांच्याकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढा परिसरातील मोठ्या भोपळ्यांपासून तंबोऱ्याचा तुंबा होऊ लागला आणि मिरजेचे नाव गवयांच्या घरोघरी पोहोचले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि ते स्वतः वाद्यदुरुस्तीचे जाणकार होते, ही गोष्ट गायक आणि कारागीर यांच्यातील जवळीक दाखवते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते या दीर्घ परंपरेला लाभलेले अधिकृत मान्यतेचे लेणे होय.

या व्यवसायातील सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी. तंबोऱ्याच्या तारा ज्या रुंद घोडीवरून जातात, तिचा माथा सपाट नसून किंचित उताराचा असतो. कंप पावणारी तार त्या उताराला वारंवार स्पर्श करते आणि त्यामुळे मूळ स्वरासोबत अनेक वरचे उपस्वर ठळकपणे उमटतात. कानशीने हा उतार साधणे म्हणजे जवारी काढणे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवलेला सुती धागा, ज्याला गवई ‘जीव’ म्हणतात, तो योग्य जागी आला की आवाज खुलतो आणि झणकार लांबतो. झणकार मोकळा व तेजस्वी असेल तर जवारी ‘खुली’, मऊ व आवरलेला असेल तर ‘बंद’ म्हणतात, आणि कोणती पसंत करायची हे गवयाचा गळा, त्याची पट्टी आणि त्याच्या घराण्याची अभिरुची यांवर ठरते. घोडी रोजच्या वाजवण्याने झिजते, म्हणून जवारी पुन्हा पुन्हा काढावी लागते, आणि कारागिराचे नाते एका विक्रीपुरते न राहता गवयाशी आयुष्यभराचे होते.

या झणकाराचे शास्त्र चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील निबंधात मांडले. तार ज्या बिंदूवर छेडली जाते, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो, ते उपस्वर ध्वनीत उमटू नयेत, असा पाश्चात्त्य ध्वनिशास्त्रातील नियम होता. वीणा आणि तंबोरा यांच्या वक्र घोडीमुळे हा नियम मोडतो, असे रामन यांनी दाखवून दिले. तार आणि घोडी यांचा संबंध सरळ प्रमाणाचा राहत नाही, म्हणून मूळ कंपनात नसलेले घटक ध्वनीत निर्माण होतात. हे तत्त्व लक्षात ठेवणे महत्त्वाचे आहे, कारण पुढे विजेच्या मंडलाने, म्हणजे सुट्या भागांच्या जोडणीने, नेमके हेच काम वेगळ्या मार्गाने केले.

विजेवर चालणाऱ्या गिटारमध्ये तारांखाली ‘पिकअप’ म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली बारीक तारेची गुंडाळी असते. पोलादी तार हलली की गुंडाळीत तिच्या कंपनाबरहुकूम क्षीण विद्युत संकेत उपजतो आणि तो ॲम्प्लिफायरमध्ये मोठा होतो. संकेत मंडलाच्या मर्यादेपलीकडे मोठा झाला, तर त्याच्या लहरींचे माथे कापले जातात आणि त्या कापण्यातून नवे उपस्वर जन्मतात. यालाच ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात. अभियंत्यांच्या दृष्टीने हा दोष होता. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या एका गीताच्या ध्वनिमुद्रणात, यंत्रातील बिघाडामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या बेसचा आवाज फाटला आणि तो तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी त्या बिघाडासारखा आवाज मुद्दाम काढणारे मंडल तयार केले आणि त्यातून १९६२ साली ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ हे पेडल बाजारात आले. ज्या फाटक्या आवाजातून हे पेडल जन्मले तो बेस गिटारवर सापडला होता, हे पेडलच्या इतिहासात अनेकदा विसरले जाते. १९६५ साली रोलिंग स्टोन्स यांच्या ‘सॅटिस्फॅक्शन’ या गीतामुळे तो जगभर पसरला. पुढच्याच वर्षी ‘वाह-वाह’ पेडल सिद्ध झाले, ज्यात पायाच्या दाबाने ध्वनीतील एक पट्टा वरखाली सरकतो आणि माणूस तोंड उघडतो-मिटतो तसा स्वर बदलतो.

भारतात ही सामग्री पोहोचण्याची वाट अरुंद होती. १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्यापासून १९९१ च्या उदारीकरणापर्यंत अनेक परदेशी वस्तू परवान्याविना आणता येत नसत. तरीही मुंबईच्या चित्रपटसंगीतात विजेच्या गिटारने आपली जागा मिळवली, आणि १९७१ सालच्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ चित्रपटातील ‘दम मारो दम’ या गीतात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार श्रोत्यांच्या स्मरणात कायमची राहिली. याच सुमारास, १९७० आणि १९७१ साली, भारतातील हौशी वाद्यवृंदांच्या ‘सिमला बीट’ स्पर्धांतील ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्यांतही ‘फझ’, म्हणजे तो फाटका आवाज, ऐकू येतो. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यात १९६० च्या दशकात जर्मेनियम ट्रान्झिस्टर तयार होऊ लागले होते. ते मुख्यतः रेडिओसाठी असले, तरी फझचे साधे मंडल दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुट्या भागांत उभे राहत असल्यामुळे, ज्याच्या हाताला सोल्डरिंगचा डाग देण्याची सवय होती त्याला पेडलची सामग्री अगदीच परकी नव्हती. मुंबईत लॅमिंग्टन रोड हा या सुट्या भागांचा बाजार झाला.

महाराष्ट्रातील सर्वसामान्य श्रोत्याला मात्र विजेची तार गिटारपेक्षा बँजोतून अधिक परिचित झाली. मराठी मुलखात ‘बँजो’ किंवा ‘बेंजो’ म्हणून ओळखले जाणारे वाद्य अमेरिकन बँजोहून वेगळे आहे. ते बुलबुलतरंगाचे रूप असून त्याचे मूळ जपानमधील नागोया येथे १९१२ साली तयार झालेल्या ‘ताइशोगोतो’ या कळांच्या तंतुवाद्यात आहे. भारतात ते कव्वालीच्या साथीला आणि लोकसंगीताच्या बैठकीत रुळले, पुढे त्याला पिकअप बसवला गेला आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत व लग्नाच्या वरातीत बँजो पथके वाजू लागली. मुंबईच्या या पथकांवर रवी जाधव यांनी २०१६ साली ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला. ढोल-ताशांच्या गजरावर तरंगणारा, भोंग्यातून येणारा बँजोचा काहीसा फाटका पण लांबणारा स्वर, हा गरजेच्या दृष्टीने तुणतुण्याचाच वारस आहे, कारण दोघांनाही उघड्यावर, गर्दीच्या कोलाहलावर मात करायची असते.

पेडल बनवण्याच्या आणि निवडण्याच्या व्यवहारात जवारीच्या व्यवहाराशी असलेले साम्य अधिक स्पष्ट होते. काही पेडलांत लहरींचे माथे कापण्याचे काम ‘डायोड’, म्हणजे एकाच दिशेने वीज वाहू देणारा सुटा भाग, करतो. जर्मेनियमचा डायोड सुमारे ०.३ व्होल्टला आणि सिलिकॉनचा सुमारे ०.६ व्होल्टला वीज वाहू देऊ लागतो. पहिला लहरींचे माथे हळूहळू वाकवतो आणि दुसरा ते अधिक धारदारपणे कापतो, म्हणून एकाचा आवाज मऊ आणि दुसऱ्याचा करकरीत होतो. ‘बंद’ आणि ‘खुली’ या शब्दांत गवई जो भेद सांगतात, त्याच जातीचा हा भेद आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरची गळती उष्णतेने वाढते, म्हणून जिंतूरसारख्या ठिकाणी, जेथे वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेथे सकाळी जुळवलेला फझ दुपारच्या मांडवात वेगळा वाजतो. अशा हवेत सिलिकॉनचे पेडल घेणे किंवा ट्रान्झिस्टरची बैठक जुळवण्यासाठी आत एक फिरता रोध ठेवणे शहाणपणाचे ठरते. वीजपुरवठ्याचाही विचार करावा लागतो, कारण भारतातील ५० हर्ट्झच्या विजेची घरघर स्वस्त अडॅप्टरमधून थेट ध्वनीत उतरते. नऊ व्होल्टची बॅटरी किंवा नीट गाळलेला पुरवठा हा तिच्यावरचा उपाय.

बेससाठी निवड आणखी काळजीपूर्वक करावी लागते. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झला कंप पावते आणि बेसची सुमारे ४१ हर्ट्झला. गिटारसाठी बनवलेली अनेक मंडले खालचा पट्टा गाळून टाकतात, त्यामुळे बेसचा पाया हरवतो. म्हणून बेसच्या पेडलमध्ये मूळ संकेत आणि बदललेला संकेत हव्या त्या प्रमाणात मिसळण्याची सोय असावी, म्हणजे फाटलेपणा वर राहतो आणि खालचा भार शाबूत राहतो. पेडलांच्या क्रमालाही अर्थ आहे. फझ आधी आणि प्रतिध्वनी नंतर ठेवला तर फाटलेला स्वर स्वच्छ घुमतो, उलट ठेवला तर प्रतिध्वनीच फाटून त्याचा गोंगाट होतो. हे सर्व कागदावर समजते, पण निर्णय मात्र स्वतःच्या वाद्यावर, स्वतःच्या ॲम्प्लिफायरमधून, ज्या जागेत वाजवायचे त्या जागेतील आवाजाच्या पातळीवर ऐकूनच घ्यावा लागतो, जसा गवई तंबोरा स्वतःच्या पट्टीत लावून ऐकल्याशिवाय जवारी मान्य करत नाही. २०१० च्या दशकात मुंबईत ‘ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन’सारख्या छोट्या कार्यशाळेने गिटार व बेससाठी स्वतःची पेडल बनवली आणि वादक व कारागीर यांच्यातील हे जुने नाते नव्या सामग्रीवर पुन्हा जोडले.

मिरजेच्या कारागिरांची नावे आणि पिढ्या निदान काही प्रमाणात नोंदल्या गेल्या, कारण त्यांच्या वाद्यांमागे दरबार आणि घराणी उभी होती. तुणतुण्याचे कातडे मढवणारे, बँजोला पिकअप बसवणारे, भोंगा आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे हात मात्र इतिहासाच्या पानांवर आले नाहीत, जरी मराठवाड्यातील गावोगावच्या लोकांनी आयुष्यभर जे संगीत ऐकले ते याच हातांतून घडले. संगीताचा इतिहास गायक-वादकांपाशी संपत नाही. जिंतूर, सेलू, परभणी येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी आणि स्थानिक अभ्यासकांनी आपल्या गावातील अशा कारागिरांकडे जावे, त्यांची हत्यारे, त्यांचे शब्द आणि त्यांच्या कानाची पारख लिहून ठेवावी, त्यांनी घडवलेला आवाज ध्वनिमुद्रित करावा. हे काम ती माणसे हयात असेपर्यंतच होऊ शकते.