चंदनाची जोखीम कोणाच्या खांद्यावर?

निर्यातदाराला सरकारचं आर्थिक पाठबळ म्हटलं की आपल्याला मुंबईतली कचेरी आणि विम्याचे कागद आठवतात. आज मी तुम्हाला म्हैसूरला नेणार आहे, १९१४ सालात.

म्हैसूर संस्थानात चंदनाचं झाड कोणाच्याही शेतात उगवलं, तरी मालकी सरकारची. टिपू सुलतानापासूनची ही रीत. लाकडाचा लिलाव व्हायचा, व्यापारी ते बोटीनं युरोपात धाडायचे आणि तेल बहुतेक जर्मनीत निघायचं. खरा नफा तिकडेच! ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटलं, जर्मनी शत्रू ठरला आणि मोठं गिऱ्हाईक एका रात्रीत गेलं. लाकूड पडून राहिलं.

दिवाण होते विश्वेश्वरय्या. आपल्याला ते परके नाहीत. पुण्यात इंजिनिअर झाले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. संस्थानच्या उद्योग खात्याचे प्रमुख आल्फ्रेड चॅटर्टन यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या सडबरो आणि वॉटसन यांच्याकडून तेल गाळण्याचे प्रयोग करून घेतले. १९१६ मध्ये बंगळुरात तेल निघालं, १९१७ मध्ये म्हैसुरात कारखाना उभा राहिला. मानंदवाडी रस्त्यावर तो आजही आहे.

आता पैशाकडे बघा. लाकूड सरकारचं, कारखाना सरकारचा, परदेशी जाणारं तेलही सरकारचं. समुद्रात पाणबुड्या फिरत होत्या. तेलाचा भाव पडला असता, तर खड्डा संस्थानच्या तिजोरीला. एखाद्या खासगी व्यापाऱ्यानं त्या दिवसांत हे धाडस केलं असतं, असं मला वाटत नाही.

ब्रिटननं १९१९ मध्ये वेगळी वाट धरली. धंदा व्यापाऱ्याचाच ठेवला आणि पुढे सरकारनं फक्त हमी दिली. आपल्याकडे ही पद्धत ३० जुलै १९५७ ला आली, तेव्हा नाव होतं एक्स्पोर्ट रिस्क्स इन्शुरन्स कॉर्पोरेशन. तीच आजची ईसीजीसी. ती कर्ज देत नाही. समजा, तुम्ही माल हॅम्बर्गला पाठवला, पैसे ९० दिवसांनी मिळणार. मधेच गिऱ्हाईकाचं दिवाळं वाजलं किंवा त्याच्या देशानं परकीय चलन रोखलं, तर? या भीतीनंच बँक हात आखडता घेते. ईसीजीसी हप्ता घेऊन ही जोखीम उचलते, पण सहसा सगळी नाही. थोडा वाटा तुमच्यावर ठेवते, म्हणजे गिऱ्हाईक निवडताना तुम्ही डोळे उघडे ठेवता. लांब मुदतीच्या कर्जांसाठी १९८२ पासून एक्झिम बँक आहे.

मग म्हैसूरनं सगळंच अंगावर कसं घेतलं? विश्वेश्वरय्यांच्या हिमतीचं कौतुक मलाही आहे. पण कच्चा माल मक्तेदारीतून येत होता, म्हणून तिजोरीला ते झेपलं. ज्याच्या बांधावर झाड वाढायचं, तो शेतकरी मात्र चंदनाला वचकून असे. रोप दिसलं की उपटून टाकलेलं बरं, नाहीतर चोरीची चौकशी त्याच्याच दारात! निर्यातीच्या जोखमीतला हा त्याचा वाटा कुठल्याच खतावणीत चढला नाही.

कर्नाटकातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीतल्या चंदनाची मालकी मिळाली ती २००१ च्या कायदादुरुस्तीनं.