प्रश्नाला अवधी हवा

परिषदेत निबंध वाचायचा तर आधी प्रवासखर्चाची जुळवाजुळव करायची, हे आम्ही विद्यार्थीदशेतच शिकलो. किनवटहून निघणाऱ्याची तर सकाळ नांदेड गाठण्यातच सरते. पुढचा प्रवास निराळाच.

प्रवासाशिवाय परिषद भरेल का? १९९५ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील रसायनशास्त्रज्ञांनी ते करून पाहिले. सेंद्रिय रसायनशास्त्रावरील निबंध इंटरनेटवर मांडले गेले आणि त्यांवरील चर्चा ई-मेलने, सवडीने चालली. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले तेही त्याच वर्षी, १५ ऑगस्टला. पण आरंभी मोजक्या महानगरांतच. १९९४ च्या सप्टेंबरात स्थापन झालेले नांदेडचे विद्यापीठ तेव्हा वर्षाचेही नव्हते.

२०२० च्या टाळेबंदीत परिषदा पडद्यावर आल्या. किनवटच्या घरातून एका विद्यार्थिनीने वाचलेला निबंध आम्ही ऐकला. मध्येच आवाज तुटला आणि प्रश्नोत्तरांची पाच मिनिटे त्यातच गेली. प्रवासखर्च वाचला, पण ज्यासाठी परिषद भरवायची ती चर्चाच राहिली!

तेव्हा आम्हांला १९९५ ची रीत आठवली. आमची शंका आम्ही तिला ई-मेलने कळवली. दोन दिवसांनी सविस्तर उत्तर आले. सोबत तिचा एक प्रश्नही होता. त्याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

शिक्षकमित्रहो, विद्यार्थ्यांची अशी परिषद भरवाल, तेव्हा प्रश्न लेखी घ्या आणि उत्तराला आठवडाभर मुदत द्या. तुटणाऱ्या आवाजाची अडचण त्याने बरीच कमी होते.